घटसर्पाची सुई आणि वरवटचे सासरे

त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात वरवट बकालच्या कचरू कोतवालाचा घसा बसला. आदल्या दिवशी त्यानं हरवलेल्या रेड्याची दवंडी तीन गावांत दिली होती आणि रेडा सापडला या आनंदात वर दोन बर्फाचे गोळे खाल्ले होते. सकाळी बायकोला हाक मारायला तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली.

त्याची बायको गोजरबाई. तिचा डावा कान लहानपणीच गेलेला आणि सात वर्षांपासून उजव्यातूनही फारसं काही आत जात नसे. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईल एवढ्या जोरात ती बोले. त्यामुळे तिच्याकडे भाकरी झाल्या की अर्ध्या गावाला कळे.

त्याच सकाळी सरपंच महादेवराव घाईघाईनं आले. त्यांना शेगावची गाडी धरायची होती.

"कचरू, आत्ताच्या आत्ता दवंडी दे."

कचरूनं घशाकडे बोट दाखवलं. महादेवरावांनी कपाळाला हात लावला. मग त्यांची नजर गोजरबाईकडे गेली. आवाज तर तिच्याएवढा कोणाचाच नव्हता! ते तिच्या उजव्या कानाशी वाकले आणि ओरडले, "उद्या ढोरांचे डाक्तर येतात! घटसर्पाची सुई हाये! ज्याचे त्याचे वासरं चावडीपुढं आणून बांधा म्हना!"

"हाव, समजलं," गोजरबाई म्हणाली. महादेवराव गाडीला पळाले.

कचरूनं डफडं गळ्यात अडकवलं आणि दोघं निघाले. पहिल्याच चौकात गोजरबाईनं पदर खोचला.

"ऐका हो ऐका! उद्या थोरांचे डाक्तर येतात! घटसर्पाची सुई हाये! ज्याचे त्याचे सासरे चावडीपुढं आणून बांधा!"

कचरूनं डफडं थांबवलं, दोन्ही हात हलवले, उड्या मारल्या. नवरा खूश झाला असं समजून गोजरबाई आणखी वरच्या पट्टीत गेली. घटसर्प माणसांनाही होतो, त्यामुळे गावात कोणाला शंका आली नाही. सुनांना तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढं चौदा सासरे हजर होते. बहुतेक नुसते ओट्यावर बसले होते. रंगराव मात्र दोनदा पळाले होते, म्हणून त्यांच्या सुनेनं त्यांना पागोट्यानंच खांबाला बांधलं होतं.

"मामंजी, हुकूम हाये," ती समजूत घालत होती.

तेवढ्यात बशीर पिंजारी आला. "माह्या पोरीचं लगन पुढच्या महिन्यात हाये," तो म्हणाला. "मी आत्ताच बसू, का लगन झाल्यावर येऊ?"

"बस बे, जागा हाये," रंगराव खांबाजवळून म्हणाले.

जनावरांचे डॉक्टर खुर्शीदसाहेब सायकलवरून उतरले. त्यांनी पेटी उघडली आणि वीतभर पिचकारी बाहेर काढली. ओट्यावरची सगळी रांग मागं सरकली. एक सासरे मारुतीचं नाव घेऊ लागले.

"वासरं कुठं आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"सासरे हे काय, समोर!" रंगरावांची सून म्हणाली.

शेगावहून परतलेले महादेवराव पुढं झाले आणि सगळा घोटाळा उलगडला. चौदा म्हातारे एकदम बोलू लागले. कचरू बिचारा हात जोडून सगळ्यांपुढं फिरला. गोजरबाईला एवढंच कळलं की सगळे आपल्यावर चिडले आहेत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

खुर्शीदसाहेबांना हसू आवरत नव्हतं, पण तिची दया आली. त्यांनी तिला खाली बसवलं आणि उजव्या कानात बॅटरी मारली. "अरे, अंदर कुछ है!" त्यांनी न वापरलेल्या पिचकारीची सुई काढून ठेवली, पिचकारीत कोमट पाणी भरलं आणि हळूच कानात सोडलं. तिसऱ्या खेपेला मळाच्या काळ्या गोळ्यासोबत लसणाची एक पाकळी बाहेर पडली.

"बाप्पा!" गोजरबाई म्हणाली. "कान दुखला तवा जाऊबाईनं ठेवली होती! मले वाटलं, पडली कुठंतरी." मग दचकून तिनं मागं पाहिलं. "हे कोन ओरडून राह्यलं?"

"तूच!" अख्खी चावडी म्हणाली.

डॉक्टरांनी चमच्यानं जीभ दाबून कचरूचाही घसा पाहिला. "बैलाचं औषध तुले देत नाही," ते म्हणाले. "मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर. चार दिवस तोंड बंद."

आता खरी दवंडी द्यायची होती. पण स्वतःच्या आवाजाला भ्यालेली गोजरबाई इतकी हळू बोलू लागली की शेजारच्यालाही ऐकू जाईना. शेवटी सुई टळल्याच्या आनंदात सासरेच उठले, घरोघर गेले आणि दुपारपर्यंत वासरं हाकत घेऊन आले. रंगरावांनी तर शेजाऱ्याचीही आणली.

संध्याकाळी गोजरबाई ओट्यावर बसली होती. काही वाजलं की नवऱ्याचा हात धरून विचारी, "हे काय व्हय?" कचरूला बोलायची बंदी. गाडी गेली की तो हातांनी चाकं फिरवी, जातं घरघरलं की दळून दाखवी. मग शेताकडून टिटवी ओरडली. कचरू उठला, दोन्ही हात पसरून अंगणभर धावला आणि एका पायावर उभा राहिला.

गोजरबाई पोट धरून हसली. "अजून एकदा दाखवा," ती म्हणाली. "मले नीट समजलं नाही."