एकशे ऐंशी मिळवायचे राहिले

धुकं उतरलं की वायरलेसवर माझा दादा बोलतो. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. दिवादांडीवरच्या माझ्या जोडीदाराला नुसती खरखर ऐकू येते, म्हणून तो मला कान तपासून घ्यायला सांगतो. कान ठणठणीत आहेत. दादा एकच वाक्य बोलतो, तेही अगदी निवांत: "दिवादांडी सत्तर अंशांवर दिसतेय."

आमची दिवादांडी समुद्रातल्या खडकावर आहे, चारही बाजूंना पाणी. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी दादाच्या बोटीचं इंजिन बंद पडलं आणि तळातून पाणी येऊ लागलं. त्याने होकायंत्रावरून आमच्या दिवादांडीचा कोन घेतला आणि मला कळवला. मी नकाशावर दिवादांडीपासून सत्तर अंशांची रेघ मारली आणि बचावाची लाँच तिकडे पिटाळली. तासाभरात धुकंही उतरलं. बोटीवरून आम्ही सत्तरवर दिसतो, म्हणजे आमच्याकडून बोट बरोबर उलट दिशेला. सत्तरमध्ये एकशे ऐंशी मिळवायचे, अडीचशे. नव्या भरतीला हे शिकवणारा मीच. तिथे दुसरा कुणी असता तर मी चुकलो नसतो, पण दादाचा आवाज ऐकला आणि ऐकलेला आकडा तसाच नकाशावर मारला.

चूक दुसऱ्या दिवशी नोंदवही लिहिताना लक्षात आली. 'धुक्यामुळे शोध लागला नाही' एवढंच लिहून मी वही मिटली. दादामागे वहिनी आणि पुतणी एवढंच माझं घर उरलं होतं. तेही गेलं असतं, या भीतीने मी तोंड शिवून बसलो.

परवा सुट्टीला गेलो, तर पुतणी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसली होती. तिची जहाजावरच्या नोकरीची परीक्षा आहे.

"काका, बाबांचंच उदाहरण घेतलं. सत्तर अंश म्हणाले ना? मग बोट अडीचशेवर. इथे." तिने पेन्सिल टेकवली. "लाँच इथेच गेली होती ना?"

वहिनी भांडी पुसत होत्या. मला थाप मारता आली असती. अकरा वर्षं तोच धंदा केला होता.

"नाही," मी म्हणालो. "मी एकशे ऐंशी मिळवले नाहीत. लाँच उलट्या बाजूला गेली."

पुतणीने कोनमापक खाली ठेवला. ती माझ्याकडे बघेना. वहिनी खुर्ची ओढून बसल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"भावोजी, तिथला प्रवाह किनाऱ्याकडेच जातो ना?" त्या म्हणाल्या. "मग हे वाहत किनाऱ्याला का नाही लागले?"

हे मी स्वतःलाही कधी विचारू दिलं नव्हतं.

"नांगर टाकला होता त्याने," मी म्हणालो. "टाकू का, म्हणून विचारलं होतं मला. मी म्हटलं टाक, जागचा हलू नकोस, लाँच निघालीय."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाला, तू आहेस म्हणून काळजी नाही."