बोरचे झिंगे

तव्यावर पहिला झिंगा चुर्रकन बोलला आणि घरामागची शांतता मोडली. रक्षाने गॅस बारीक केला. पत्र्याच्या सावलीतली ही शेगडी वेगळी, हा तवा वेगळा, ताटल्याही वेगळ्या. सासूबाईंनी, म्हणजे शोभाबाईंनी, महानुभाव पंथाचा उपदेश घेतला तेव्हापासून घरात मासळी शिजत नव्हती. बाहेर गेलेलं भांडं परत आत यायचं नाही, असा नियमच होता.

"काय वास सोडला वं!" आतून आवाज आला.

"झालंच, आई. दार ओढून घ्या ना."

दार काही ओढलं गेलं नाही. लाटण्याचा आवाज तेवढा सुरू राहिला. शोभाबाई वासाकडे पाठ करून पोळ्या लाटत होत्या. कणकेत थोडं ज्वारीचं पीठ घातलेलं. पातळ पोळी अर्धकच्ची भाजायची आणि उंबऱ्यावर ठेवायची. तिथून ती रक्षाने उचलायची. नाकाला पदर लावून का होईना, आज त्या मासळीच्या स्वयंपाकाला हात लावत होत्या. लेक कायमचा परत यावा, म्हणून.

नागेश मस्कतला, समुद्राकाठच्या एका हॉटेलात, स्वयंपाकी होता. तो पहिल्यांदा गेला तेव्हा त्याची नि रक्षाची लेक समीक्षा भिंत धरून उभी राहायची. आता ती पहिलीत होती. मागच्या सुट्टीत त्याने अंगणात बसून केसाडियाचं वर्णन केलं होतं. दोन पोळ्यांमध्ये झिंगे, भाज्या, चीज. तव्यावर दाबून भाजायचं आणि त्रिकोणी कापायचं. "पोट भरते अन् जड बी नाई पडत. आपल्या सेलूत बसस्टँडजवळ असं दुकान टाकतो पाह्य. हा करार संपला की बस्स." हे बोलताना त्याचे हात हवेत पोळी उलटत होते. रक्षाला ते हात पाठ झाले होते.

मग दर फोनला ते दुकान थोडं थोडं मागे सरकत गेलं. तिकडे सामान कुठं भेटते, माणसं खातीन का, असं काहीबाही. पंधरवड्यापूर्वी रक्षाने बाजारातली सुकट आणून करून पाहिलं. भिजवायला वेळ दिला नाही. इतकं खारट झालं की समीक्षा तांब्याभर पाणी प्यायली. नागेश फोनवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि हसता हसता म्हणाला, "म्हून म्हणतो ना, सेलूत नाई होत हे."

ती एवढं एकच वाक्य घेऊन बसली होती. सेलूत होतं, हे एकदा त्याच्या डोळ्यांना दाखवायचं. मग त्याच्याकडे न येण्याचं कारण उरत नाही.

हिंगणीहून मासळीची टोपली घेऊन येणाऱ्या दीपमालाला तिने आधीच सांगून ठेवलं होतं.

"ताजेच पाह्यजे? बोर धरणातले?" दीपमालाने डोळे मिचकावले. "काऊन वं, नवऱ्याले वश कराचं हाय का?"

"असंच समज."

"झिंग्यानं नवरे वश होत असते, त माहा आज घरी नसता का?"

दोघी हसल्या. आज सकाळी झिंगे देताना दीपमालाने वाट्यावर आणखी मूठभर टाकले.

आता ते साफ करून, पाठीतला काळा दोरा काढून, लसूण आणि लिंबू लावून तव्यावर गुलाबी होत होते. शिमला मिरची, कांदा, पालक, थोडा मका. चीज बेताचंच, कारण समीक्षाचं पोट नाजूक. वरून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून. रक्षाने पोळीवर सारण पसरलं, दुसरी पोळी वर ठेवली आणि उलथन्याने दाबलं. फोन विटेला टेकवून उभा केला होता. संध्याकाळची पाळी सुरू होण्याआधी नागेशला थोडी उसंत असायची.

फोन वाजला. समीक्षा धावत आली.

"पप्पा, आज खारट नाई हाय!"

"दाखव, दाखव." नागेशचा चेहरा पडद्याला चिकटला. "रक्षा, आत्ता नको पलटवू. कडा लाल होऊ दे. हां... आता. एका दमात!"

तिने एका दमात उलटलं. सोनेरी पोळी, एक थेंब बाहेर नाही.

"अरे वा! झिंगे कोठचे?"

"बोरचे. हिंगणीहून आले. चीज इथल्याच दुकानातलं. पोळ्या आईनं लाटल्या."

"आईनं?"

"हो. सगळं इथंच भेटलं."

समीक्षा फुंकर मारून खात होती. चीजची तार हनुवटीपर्यंत लांबली. तिने दुसरा तुकडा मागितला. जेवणासाठी जिच्या मागे वाटी घेऊन फिरावं लागायचं, ती पोर मागून खात होती. रक्षाने तुकडा तिच्या ताटलीत ठेवला आणि फोनकडे पाहिलं. नागेश हसत होता, पण हात कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हतं.

"मस्त जमलं वं. खरंच. आमच्या इथं बी असं नाई होत."

"मंग?"

तो मागे वळून कुणाला तरी हातानेच थांब म्हणाला.

"रक्षा, मी आणखी दोन सालाची सही करून देल्ली."

तव्याखाली गॅस सुरूच होता. तिने तो बंद केला.

"कधी?"

"मागच्या हप्त्यात."

"अन् मी झिंगे धुंडून राह्यली होती, तवा तुम्हाले ठाऊक होतं?"

"तू इतकी मन लावून करत होती... मले सांगवलंच नाई." तो आवाज खाली आणून म्हणाला, "तिकडे येऊन नाई चाललं त? इथं निदान मले काम येते, लोकं नावानं बोलावते. तुले समजते ना?"

तिला समजत होतं. समजलं नसतं तर तिने भांडण तरी केलं असतं.

"जेवले का तुम्ही?" ती म्हणाली.

"जेवतो आता." मागून कुणी हाक मारली आणि पडदा काळा झाला.

आत लाटणं थांबलं होतं. शोभाबाई उंबऱ्यापर्यंत आल्या आणि उपदेश घेतल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी त्या तव्याकडे सरळ पाहिलं.

"काय म्हणला?"

"मस्त झालं म्हणले."

शोभाबाईंनी सगळं ऐकलं होतं. पदराने हाताचं पीठ झटकत त्या म्हणाल्या, "दोन पोळ्या उरल्या हायेत. तू खाऊन घेजो. गरम हाय तवर."

रक्षाने ताटली ओढली. पहिला घास चावला. झिंगा मऊ होता, मीठ बरोबर होतं, लिंबू जिथे लागायला हवं तिथेच लागत होतं. कुठे चुकलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

समीक्षाने बोटं चाटली. तव्यातल्या उरलेल्या तुकड्याकडे आणि मग आईच्या तोंडाकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

"मम्मी, पप्पाले यावं वाटन म्हणून आपण बनवलं ना?"

"हो."

"मंग याच्यात काय कमी पडलं?"