स्टार्ट नसलेला रिमोट

मी एक जुना रिमोट आहे, मित्रांनो. टीव्हीचा नव्हे, व्हिडिओ गेमचा. आणि स्वभावाने जळका आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर माझी कीव करत बसाल आणि शेवटी फसाल.

एका खोक्यातून आम्ही दोघे भाऊ आलो. रंग सारखाच राखाडी, वायर तेवढीच लांब, उजवीकडे दोन-दोन लाल बटणं. फरक एकच. थोरल्याच्या पोटावर मधोमध स्टार्टचं बटण होतं. ते दाबलं की खेळ सुरू होई, पुन्हा दाबलं की जिथल्या तिथे थांबे. माझ्या पोटावर त्या जागी नुसतं गुळगुळीत प्लॅस्टिक. म्हणून थोरल्याची वायर गेमच्या डब्याच्या पहिल्या भोकात आणि माझी दुसऱ्यात. ही वाटणी कारखान्यातच झाली. आम्हाला कुणी विचारलं नाही.

कापूरहोळच्या फाट्यावर इरशादचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. सत्त्याण्णव साली त्याने आम्हाला आणलं. दुकानात गर्दी नसली की तो आणि त्याची धाकटी बहीण फौजिया आम्हाला टीव्हीला जोडून गाड्यांची शर्यत खेळत. पडद्याच्या वरच्या अर्ध्यात इरशादची गाडी, खालच्या अर्ध्यात फौजियाची. थोरला रिमोट अर्थातच थोरल्या भावाकडे, मी फौजियाकडे. तिचा हात फार हलका. वळणावर ती मला चेपायची नाही, नुसतं बोट टेकवायची. तेवढ्यावर मी समाधान मानायला हवं होतं. मानलं नाही.

कारण फौजिया पुढे निघाली रे निघाली, की इरशाद स्टार्ट दाबायचा.

"थांब गं, गिऱ्हाईक आलं."

"कुठं हाय गिऱ्हाईक, भाई?"

"गेलं वाटतं."

आणि तिचा अंगठा जरा ढिला पडताच हा पुन्हा स्टार्ट दाबी. तिची गाडी सरळ कठड्यावर आदळे. सात वर्षांत फौजिया एकदाही जिंकली नाही. थोरला टेबलावर ऐटीत पसरायचा आणि इकडे माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची.

दोन हजार चार साल आलं. आमच्यासारख्या गेमला आता कुणी विचारत नव्हतं. फौजिया एसटीने भोरच्या कॉलेजात जाऊ लागली होती, आणि घरातले बिघडलेले रेडिओ भावाच्या नकळत उघडून नीट करत होती. तिला दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर बसायचं होतं. तिने तसं विचारलं, तर इरशाद हसला.

"आदी गेममधी मला हरव. मग बस."

दुसऱ्या दिवशी दुपारी इरशाद जेवायला गेला आणि फौजियाने माझे स्क्रू काढले. मित्रांनो, माझ्या पोटातल्या हिरव्या पट्टीवर काय निघालं असेल? स्टार्टची जागा! तांब्याचे दोन ठिपके, अगदी थोरल्याला असतात तसे. फक्त वरच्या प्लॅस्टिकला भोक पाडायचं कारखान्याने टाळलं होतं. मी अपुरा नव्हतोच. इतकी वर्षं उगाच झुरत होतो, हे कळून मला आनंद व्हायच्या ऐवजी थोरल्याचा आणखीच राग आला.

वरव्याचा टेम्पोवाला कुमार आपला बिघडलेला टेप घेऊन बाकावर बसला होता. त्याने टेम्पोतून जुन्या हॉर्नचं बटण आणून दिलं.

"घे ताई. ह्याला कितीबी दाब, मरत न्हाई."

फौजियाने तापल्या खिळ्याने माझ्या पोटाला भोक पाडलं, दोन वायरी ओढल्या आणि कथलाचा डाग देऊन जोडल्या. बटण माझ्या मानाने फारच मोठं होतं. आवाळू आल्यासारखा दिसत होतो मी. पण ऐट अशी, की विचारू नका.

इरशाद परत आला. खेळ सुरू झाला. फौजियाने माझं बटण दाबलं, आणि काहीच थांबलं नाही. पुन्हा दाबलं. गाड्या आपल्या धावतच होत्या.

"दुसऱ्या भोकातलं स्टार्ट डबा ऐकतच न्हाई," इरशाद खो खो हसला. "एवढं बी ठावं न्हाई, आन टेबलावर बसायचंय व्हय!"

फौजियाचे कान लाल झाले. ती क्षणभर डब्याकडे बघत राहिली. मग तिने आम्हा दोघांच्या वायरी उपसल्या आणि मला पहिल्या भोकात खोचलं.

"मग जागा बदलू."

आता थोरला दुसऱ्या भोकात! त्याचं स्टार्ट बहिरं आणि माझं राजा! मला त्याचा चेहरा बघायचा होता.

तीन फेऱ्यांची शर्यत सुरू झाली. दुसऱ्या फेरीत फौजिया पुढे निघाली आणि इरशादचा अंगठा सवयीने स्टार्टवर गेला. टक. टक. टक. काही होईना. तो आवाज बाकावरच्या कुमारलाही ऐकू गेला. इरशादने मान वर केली नाही. तो खेळत राहिला, आणि खरं सांगायचं तर चांगला खेळला. शेवटच्या वळणावर त्याची गाडी फौजियाच्या पुढे सरकली.

मी आतून ओरडत होतो, दाब! दाब की! फौजियाचा अंगठा माझ्या बटणापर्यंत आला, टेकला, आणि मागे गेला. इरशाद जिंकला.

"आगं, मग बटन कशाला लावलंस?" कुमारने विचारलं.

"खेळ थांबवणं भाईच्या हातात ऱ्हाऊ नये म्हणून," फौजिया म्हणाली. "म्या हरले. टेबल न्हाई मागत."

इरशादने थोरला खाली ठेवला. मग त्याने मला उचललं, माझं झाकण काढून आतला डाग पाहिला आणि कुमारचा टेप तिच्यापुढे सरकवला.

"डाग बरा दिलायस. बस हितं."

त्या दिवसापासून फौजिया टेबलावर बसली, आणि मला तिने पुन्हा हातात घेतलं नाही. वेळच कुठे होता? आधी टेप, मग टीव्ही, मग मोबाईल. ते मोबाईल तासन् तास तिच्या हलक्या हातात असत आणि मी खणातून बघत जळत असे. एकदा तर मनात आलं, इरशादने तिला टेबल दिलंच नसतं तर बरं झालं असतं. ती रोज मला घेऊन बसली असती. मग माझी मलाच लाज वाटली. सात वर्षं तो तिला थांबवत आला होता, आणि आता मी थांबवायला निघालो होतो.

मित्रांनो, जुन्या रिमोटची वायर घट्ट गुंडाळू नका, ती आतून तुटते. वर्षातून एकदा तरी धूळ पुसा. आणि कुणी तुमच्या पुढे निघालंच, तर खुशाल जळा. मी अजूनही जळतो. फक्त बोट स्टार्टवर नेऊ नका.