कडू उतरलेला पाला

सीताफळाच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही. पाली गावच्या डोंगरावर सीताफळं टिकली ती एवढ्यामुळंच, नाहीतर मालनबाईच्या शेळ्यांनी डोंगर केव्हाच फस्त केला असता.

मग ओढ्याकाठी पाल्याचा अर्क काढणारा कारखाना आला. अर्क कीडनाशकात जायचा आणि पाल्याला रोख भाव मिळायचा. अख्खं गाव डोंगरावर तुटून पडलं. फांद्या उघड्या पडल्या, फळं झाडावरच काळवंडली, सावलीतलं गवतही करपलं. हिरवी राहिली ती फक्त मालनबाईच्या गोठ्यामागची झाडं. "ज्या सावलीत शेळ्या वाढल्या, ती मी ओरबाडू व्हय?" असं म्हणून ती कुणाला तिकडं फिरकू देत नसे. हट्टी बाई! पण चारा संपला तेव्हा हट्ट काय कामाचा?

तिचा मुलगा जालिंदर त्याच कारखान्यात पाला भिजवायला होता. एका संध्याकाळी त्यानं चोथ्याचं पोतं आणलं.

"माय, ह्यातला कस काढून घेतलाय. मालक म्हणला, फुकट न्या."

मालनबाईनं चोथा टोपल्यात ओतला, पुढं सरकवला आणि बघत राहिली. रानातला कुठला पाला चांगला, कुठला वाईट, हे ती आयुष्यभर शेळीच्या नाकावरून ठरवत आली होती. तिच्या गाभण शेळीनं, चांदीनं, हुंगलं, मान झटकली, पुन्हा हुंगलं आणि खायला लागली. मागोमाग सगळ्या आल्या.

"बघ, कडू उतरलंय. शेळी खाती म्हंजी जहर न्हाई," मालनबाई हरखून म्हणाली.

त्या बिचाऱ्या नाकाला डोंगराचा पाला ओळखू येत होता. कारखान्यातलं औषध त्याला कुठून ओळखू यावं?

सकाळी चांदी पाय ताणून पडली होती, तोंडाला फेस. दुपारपर्यंत एकही शेळी उरली नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी चोथा हातावर चोळून हुंगला.

"मावशी, अर्क गेला, पण ज्यात पाला भिजवला ते औषध ह्यात राहिलंय. हा जनावराला घालत नसतात."

"मग पोतं देताना कुणी का सांगितलं न्हाई?"

जालिंदर दाराशी बसून हुंदके देत होता. मालनबाईला त्याला झोडपावंसं वाटलं, पण टोपलं तर तिनंच पुढं सरकवलं होतं.

शेळ्या गोठ्यामागच्या झाडांखाली पुरल्या. घरात आता दूध नव्हतं, बाजारात न्यायला करडू नव्हतं. आठवड्यानं पाला विकत घ्यायला कारखान्याचा टेम्पो आला, तेव्हा मालनबाई रिकामं पोतं घेऊन गोठ्यामागं गेली. डोंगरावर दुसरीकडं पान शिल्लक नव्हतं. चांदीला पुरलेल्या मातीवर उभं राहून तिनं पहिली फांदी खाली ओढली.