फरशी मिस्त्रीचे गुडघे

"काका, गुडघे नाही. परत झोपा."

मी परत पालथा झोपलो. आम्ही अजून पाण्यात गेलोही नव्हतो. सहा जणांच्या सर्फिंगच्या सहा फळ्या कोरड्या वाळूत ओळीने मांडल्या होत्या आणि त्यांवर आडवं पडून आम्ही दोन्ही हातांनी वाळू मागे ढकलत होतो, म्हणजे पोहत होतो असं समजायचं. मास्तरीणबाई ओरडल्या की तळहात छातीखाली रोवायचे, अंग उचलायचं आणि एका झटक्यात दोन्ही पाय फळीवर आणून उभं राहायचं. मधे काही नाही. बाकीचे पाच जण बरे उभे राहत होते. मी दर वेळी आधी उजवा गुडघा टेकत होतो, मग डावा, आणि मग तिथेच थांबत होतो.

"तिथे थांबायचं नाहीये हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. पस्तिशीची बाई, नाकाची सालं निघालेली, आवाज पार हॉटेलच्या गच्चीपर्यंत जाईल असा. "गुडघ्यांवर आलात की संपलं. तिथून कोणी उठत नाही."

मला त्यांचा राग आला. हेच मला डॉक्टरांनीही सांगितलं होतं, फक्त खुर्चीवर बसवून.

मी फरशी बसवतो. बसवायचो, असं आता म्हणायला हवं. एकतीस वर्षं मी सकाळी खोलीच्या आतल्या कोपऱ्यात गुडघे टेकले आणि मागे मागे सरकत संध्याकाळी दारापाशी पोचलो. सिमेंटचा ओला माल पसरायचा, फरशी ठेवायची, रबरी हातोड्याने ठोकायची, समतल बसली का ते पाणसळ लावून बघायचं, की पुढची. सारखी उठबस करणारा मिस्त्री या कामाचा नाही. जो गुडघ्यांवर तोल सांभाळून दोन्ही हात मोकळे ठेवतो, तोच खरा. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, आता गुडघ्यांवर बसणं बंद. मी विचारलं, मग कशावर बसू? ते हसले. मी विनोद केला नव्हता.

ही सहल लेकीची. काम सुटल्यापासून मी घरात नुसती चिडचिड करतो आणि कोणाकडे गेलो की टाचेने फरशी ठोकून कुठे पोकळ वाजतंय ते यजमानांना सांगतो, अशी तक्रार आमच्या हिने लेकीकडे केली. म्हणून लेकीने आम्हा दोघांना समुद्रावर आणलं आणि दुसऱ्याच दिवशी लाटेवर उभं राहायच्या वर्गात स्वतःबरोबर माझंही नाव घातलं.

मी नाही म्हणू शकलो असतो. पण तिच्या नव्या घराच्या दिवाणखान्यात फोटोंची एक भिंत आहे. तिचे सासरे भाषण करताना, सासूबाई पदवी घेताना, जावई डोंगराच्या टोकावर. सगळे उभे. आमच्या बाजूचा एकच फोटो, लग्नातला, आणि त्यात मी अर्धा खांबामागे आहे. कामावर माझा फोटो कोणी कशाला काढेल? लोक फोटो काढतात तेव्हा फरशी पुसून झालेली असते आणि मी दुसऱ्या घरात असतो. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही लाटेवर एकदा उभे राहा. आई फोटो काढेल. मी मोठा करून मधोमध लावते." मी तिला "काहीतरीच तुझं" म्हणालो खरा, पण मला तो फोटो हवा होता. इतका की सांगायची लाज वाटावी.

वर्गाची सुरुवातच बिघडली. मास्तरीणबाईंनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि कोण काय काम करतं ते विचारलं. कामावरून शरीराच्या सवयी कळतात, म्हणाल्या. नवविवाहित जोडपं होतं, दोघंही बँकेत. दोघी मैत्रिणी होत्या, दातांच्या डॉक्टर. लेकीने स्वतःचं सांगितलं, ती औषधांच्या कंपनीत असते. माझी पाळी आली. मी तोंड उघडलं आणि लेक म्हणाली, "बाबांचा बांधकामाचा व्यवसाय आहे."

"म्हणजे ऑफिसात बसणं, साइटवर फिरणं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"हो, तसंच," लेक म्हणाली आणि वाळूकडे बघायला लागली.

तोंडात मारल्यासारखं झालं. आणि तेव्हापासून मला एकोणीस वर्षांपूर्वीचा तो व्हरांडा आठवायला लागला, जो मी आठवायचं नाही असं ठरवून ठेवला होता.

लेक तेव्हा अकरा वर्षांची. मी एका मोठ्या घराचा व्हरांडा करत होतो. दुपारी त्या घरच्या मुलीचा वाढदिवस होता आणि पोरी रंगीत कागदात बांधलेल्या भेटी घेऊन येत होत्या. मी मान खाली घालून शेवटच्या दोन ओळी बसवत होतो. तेवढ्यात माझ्या हातापासून वीतभर अंतरावर एक पाय पडला आणि ओली फरशी खचली. तपकिरी बूट, डाव्या बुटाचं बक्कल तुटलेलं, ते मीच आदल्या रात्री तारेने बांधलं होतं. बूट क्षणभर तिथेच थांबले. घरच्या बाई आतून म्हणाल्या, "मिस्त्री, पोरींना सांगायचं नाही का ओलं आहे म्हणून?" मी म्हणालो, "चुकलं बाई, दुसरी बसवतो." बूट आत निघून गेले. घरी मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. वाढदिवस कसा झाला, एवढंच हिने विचारलं. छान झाला, ती म्हणाली.

पाण्यात तर माझी पुरती फजिती झाली. कंबरभर पाण्यात मास्तरीणबाई मागून फळी धरायच्या, लाट आली की ढकलायच्या आणि ओरडायच्या, "उठा!" लेक दुसऱ्याच लाटेला उभी राहिली. हात पसरून, ओरडत, थेट किनाऱ्यापर्यंत. बँकेतला नवरा तिसऱ्याला. त्याची बायको आणि दातांच्या डॉक्टरीणबाई पडत होत्या, पण उभ्या राहून पडत होत्या. मी गुडघे टेकायचो, फळी समतल आहे का ते खाली बघायचो, आणि तेवढ्यात मास्तरीणबाईंचं "गुडघे!" ऐकून घाईने उठायला जायचो तो बाजूला आडवा. नाकातोंडात खारट पाणी. वर आलो की फळी माझ्याच डोक्यावर.

"काका, तुमचं ऑफिस आता विसरा," त्या म्हणाल्या. "खुर्चीवर बसून बसून गुडघे आखडलेत तुमचे. सैल सोडा."

तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्चीवर! माझ्या गुडघ्यांवर चामड्यासारखे दोन काळे घट्टे आहेत. ते रबरी सूटच्या आत होते, नाहीतर तिथल्या तिथे दाखवले असते. बाईंना खरं माहीत असतं तर त्यांनी मला काही वेगळं शिकवलं असतं, असं मला सारखं वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर लेकीच्या देखत मला ते सांगवत नव्हतं. तिला खोटं पाडावं लागलं असतं.

आठव्या की नवव्या लाटेनंतर बँकेतली नवरी हसली. वाईट नव्हती ती, हसू आवरलं नाही एवढंच. पण तिच्याबरोबर लेकही हसली. मग फळी ओढत माझ्याजवळ आली.

"बाबा, प्लीज. एकदाच नीट करा ना. किती सोप्पं आहे. सगळे बघतायत."

"बघू देत."

"गुडघ्यांवर काय येताय सारखे? मुद्दाम करताय का?"

"मुद्दाम कशाला करीन?" माझा आवाज चढला. "एकतीस वर्षं तिथेच होतो मी. तू सांगितलंस म्हणून एका सकाळीत ऑफिसात बसायला लागू?"

एक लाट आमच्या दोघांच्या मधून गेली. ती फळी वळवून लांब निघून गेली. मला लगेच वाईट वाटलं आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला. किनाऱ्यावर ही सगळ्यांचे चष्मे आणि चपला सांभाळत बसली होती, लेकीचा फोन दोन्ही हातांत धरून. तिथून ओरडली, "अहो, जमतंय का? मी केव्हाची तयार बसलेय."

"बस तशीच," मी म्हणालो. तिला ऐकू गेलं नसावं.

"शेवटची लाट!" मास्तरीणबाईंनी पुकारलं. "प्रत्येकाला एक. मग बाहेर."

सगळे एकेक करून गेले. लेकही गेली, उभी राहून, पण या वेळी ओरडली नाही. मी उरलो. मास्तरीणबाई मागे आल्या, फळी धरली. दमल्या होत्या त्याही. म्हणाल्या, "काका, आता मी काही बोलत नाही. तुम्हाला जमेल तसं करा."

लाट आली, त्यांनी ढकललं. मी तळहात रोवले, अंग उचललं. उभं राहायचं होतं मला, देवाशपथ. ती भिंत डोळ्यांसमोर होती. पण गुडघे आले. आधी उजवा, मग डावा. आणि या वेळी मागून कोणी ओरडलं नाही. मी हात सोडले, पाठ सरळ केली. फळी डावीकडे झुकायला लागली, तशी मी उजव्या गुडघ्यावर किंचित भार दिला, ओल्या मालावरची फरशी दाबताना द्यायचो तेवढाच. ती समतल झाली. मग सगळा वेळ समतलच राहिली. मी मान वर करून बघितलं. एवढ्या वर्षांत गुडघ्यांवर मी कधी पुढे तोंड करून पुढे गेलो नव्हतो. फेस दोन्ही बाजूंनी पळत होता, किनारा जवळ येत होता, दातांच्या डॉक्टरीणबाई वाट सोडून बाजूला झाल्या. फळीचं टोक वाळूला लागेपर्यंत मी हललो नाही.

मग उठायला गेलो तर उजवा गुडघा अडकला. कसाबसा फळीचा आधार घेऊन उभा राहिलो, पण पाय वाकेना. ही धावत आली.

"काढलास का?" मी विचारलं.

तिने हातातल्या फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बघतच राहिले हो," ती म्हणाली. "दाबायचं राहिलं."

चाळीस मिनिटं मी पडत होतो, त्याचे तिने सतरा फोटो काढले होते. वर्ग संपला होता, फळ्या परत द्यायच्या होत्या. माझ्या घोट्याला फळीचा पट्टा बांधलेला होता आणि मला खाली वाकता येत नव्हतं. ही माझा चष्मा आणायला गेली. लेक कधी आली ते कळलं नाही. ती माझ्यापुढे वाळूत गुडघे टेकून बसली आणि पट्टा सोडवायला लागली. पाण्याने तो घट्ट झाला होता.

बँकेतला नवरा केस पुसत जवळ आला. "काका, शेवटी काय तोल सांभाळलात हो. गुडघ्यांवर मी तर दोन सेकंदही टिकलो नसतो. कसं काय?"

मी लेकीच्या डोक्याकडे बघितलं. आता ती काय सांगेल याची मला खरंच भीती वाटली.

"फरशी बसवतात ते," लेक मान वर न करता म्हणाली. "एकतीस वर्षं. मी मघाशी चुकीचं सांगितलं."

"अच्छा," तो म्हणाला. मग केस पुसत बायकोकडे गेला.

ती पट्ट्याशी झटापट करत राहिली. मग खालूनच म्हणाली, "बाबा, तो व्हरांडा आठवतो? माझा पाय पडला होता."

"ओल्या फरशीवर कोणाचाही पडतो."

"तुम्ही मान वर केलीच नाहीत. मला वाटलं, तुम्हाला कळलंच नाही मी होते ते. इतकी वर्षं मी तेच धरून चाललेय."

"बूट ओळखले," मी म्हणालो. "बक्कल मीच बांधलं होतं ना. म्हणून तर मान वर केली नाही."

घोट्याभोवतीचा पट्टा सुटून वाळूत पडला. ती मात्र उठली नाही.