गोदूताईंचा पालथा सकोरा

मी एक जुना मातीचा सकोरा आहे. पाखरांना पाणी ठेवायची पसरट थाळी म्हणजे मी. रायपुरात उन्हाळा लागला की बाजारात आमच्या चळती लागतात. तिथल्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या गोदूताईंनी मला बोटाने टणटण वाजवून पाहिलं आणि घरी आणलं. तेव्हापासून मी त्यांच्या गच्चीवर आहे.

मित्रांनो, ते दिवस काय सांगू! चिमण्या यायच्या, साळुंक्या भांडायच्या, पण माझा जीव होल्यांवर, त्या कबुतरासारख्या भुऱ्या पाखरांवर. मान न उचलता ते गटागटा पाणी प्यायचे. यजमान गेल्यावर गोदूताईंना बोलायला तेवढेच उरले होते. रोज सकाळी त्या माझ्यात पाणी ओतायच्या, जुनं मात्र कधी फेकायच्या नाहीत. तहानलेल्या जिवाच्या तोंडचं पाणी सांडलं की पुण्य सांडतं, असं त्यांच्या घरी मानत. माझ्या तळाला शेवाळ धरलं, तरी कोणी मला घासलं नाही.

या चैत्रात एक होला आला. चोच उघडी, गळा सुजलेला. पाणी गिळता येईना, तोंडातलं परत माझ्यातच गळायचं. त्याला हुसकावंसं वाटलं, पण मला कुठे हात? पुढे एकेक करून होले गच्चीवर मरून पडू लागले.

गोदूताईंची भाची ईरा जनावरांची डॉक्टर. शंकर नगरहून ती धावत आली.

"आत्या, गले की बीमारी है. पानी से एक की दूसरे को लगती है. पानी बदलती हो ना?"

"बदलू काहून? त्याइच्या तोंडचं सांडू काय? मी त रोज भरून राहिली होती!" गोदूताई म्हणाल्या, आणि गच्चीवर पडलेल्या होल्यांकडे वळल्या. "म्हणजे मीच पाजलं का वं त्याइले?"

"कुछ दिन उल्टा रख दो. फिर रोज़ घिसके, सुखाके भरना," ईरा समजावत होती. गोदूताईंनी पुढचं ऐकलंच नाही. त्यांनी मला पालथा घातला.

आता ज्येष्ठ लागला, तरी मी पालथाच आहे. फार एकटं वाटतं. काल एक होला माझ्या पाठीवर बसून चोचीने टोकरू लागला. गोदूताई पदर हलवत धावल्या.

"जाय बाप्पा, जाय! माह्या घरी नोको येऊ पाणी प्याले," म्हणताना त्या रडत होत्या. तो तहानलेलाच उडाला.

मित्रांनो, तुमच्या गच्चीवर माझा एखादा भाऊ असेल तर रोज त्याचं पाणी फेका, त्याला घासा, उन्हात वाळवा, मगच भरा. त्यात पाप नाही. आणि तात्यापाऱ्यात आलात तर गोदूताईंकडे या. मला सरळ करा, स्वच्छ घासा. भरायला मात्र त्यांनाच सांगा.