दगड्याचा फोटो

आमोद कंपनीच्या कामाला मेक्सिकोला निघाला, तेव्हा बाळकाकांनी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त, कोथरूडच्या गच्चीत चारशे कुंड्यांमध्ये निवडुंगांचा संसार, आणि डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केलेला. "तीन दिवस रजा काढ आणि वाळवंटात जा," ते म्हणाले. "दगड्या आपल्या जागी कसा बसतो, तेवढं माझ्यासाठी बघून ये. उपटू नकोस, बी आणू नकोस. आणि नाही सापडला तर नाही म्हणून सांग. तीही बातमीच आहे."

दगड्या हे काकांनीच ठेवलेलं नाव. हा निवडुंग जमिनीच्या वर डोकं काढत नाही. खडीत खडीच्याच रंगाचा पसरून असतो आणि फुलला तरच नजरेत भरतो. काकांनी बी पेरून एक वाढवला होता, तो बावीस वर्षांत पुरीएवढा झाला होता. रानातला मात्र त्यांनी कधीच पाहिला नव्हता, आणि आता पाहणार कसा?

आमोद गेला तो मे महिन्यात, म्हणजे फुलांच्या नावानं शंख. पण त्यानं अंगचोरपणा केला असं कुणी म्हणू नये. तीन दिवस तो त्या उजाड माळावर वाकून, बसून, शेवटी रांगून हिंडला. तिसऱ्या दुपारी पाणी संपत आलं, तसा एका टेकाडावर फतकल मारून बसला, स्वतःच्या धुळकट बुटांचा फोटो काढला आणि बायकोसाठी, सलोनीसाठी त्याखाली लिहिलं, 'मोहीम फत्ते. बूट सापडले.'

परतीच्या रस्त्यावर नर्सरी लागली. तिथं वाळूच्या वाफ्यात एक दगड्या होता, चांगला गुबगुबीत. आमोदनं वाफ्याची कड टाळून, मोबाइल खाली धरून फोटो काढला. खोटं बोलायचं असं त्यानं ठरवलं नव्हतं. फक्त कुणी विचारलं नाही तर सांगायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

जूनमधल्या रविवारी सकाळी निवडुंग मंडळाच्या बैठकीत तो फोटो पडद्यावर आला. तीसेक सभासद खुर्च्यांतून अर्धवट उठले. "सावकाश, खुर्च्या सोसायटीच्या आहेत," मागून कुणीतरी बजावलं.

"हा रानातलाच ना?" अध्यक्ष उल्काताईंनी विचारलं.

"हो," आमोद म्हणाला. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या बाळकाकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पडद्याकडे पाहिलं, मग आमोदकडे. "पोरानं माझ्यासाठी उन्हात मरमर केली हो," ते सगळ्यांना म्हणाले. आमोदला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

दुपारी काकांनी त्याला घरी बोलावलं. वासंतीकाकूंनी चहा ठेवला.

"चाळीस वर्षं मी कलमं करतोय, आमोद," काका शांतपणे म्हणाले. "खालून दुसऱ्या निवडुंगाचं बळ मिळालं की दगड्या असा फुगतो. वाळवंटात उपाशी राहणाऱ्या झाडाला असे गाल येत नाहीत."

आमोदचे कान तापले. "सापडला नाही, काका. नर्सरीतला आहे."

"मग तेच सांगायचंस. मी काय तुझी परीक्षा घेत होतो?"

आमोदला स्वतःची मनस्वी लाज वाटत होती. खोटं बोलल्याची तर होतीच, पण ज्याची गरजच नव्हती असं खोटं बोलल्याची जास्त.

"न सापडल्याचे फोटो असतील ना? ते दाखव."

चहावर साय धरली. काका एकेक फोटो दोन बोटांनी मोठा करून बघत होते. सगळीकडे खडी आणि माळ. बुटांच्या फोटोवर ते थांबले.

"अगं, माझं भिंग आण!"

डाव्या बुटाच्या टाचेपासून चार बोटांवर, खडीत, भेगाळलेली मातकट चांदणी होती.

"हा बघ! हा बसलाय!" काकांचा आवाज चिरकला. पंचाहत्तरीचा माणूस पोरासारखा हसत होता आणि डोळे वाहत होते. "तू बघितला नाहीस रे, पण मला दाखवलास. पुढच्या बैठकीत हा लाव. आणि आधीचा कुठला होता, तेही सांग."

"सांगतो," आमोद म्हणाला, आणि ते त्याला मनापासून सांगायचं होतं.

पण त्याची नजर त्या टाचेवरून हलेना. फोटो काढून झाल्यावर तो उठला होता आणि वैतागून, बुटांवरची धूळ झाडायला, तिथल्या तिथं पाय आपटले होते. चार-पाचदा, चांगले जोरात. टाचेखाली काहीतरी कचकन मोडलं होतं. ढेकूळ असेल म्हणून त्यानं वाकून पाहिलंही नव्हतं.

"फार चिवट जात," काका भिंगावरची नजर न काढता म्हणाले. "अजून बसला असेल तिथं. नाही का रे?"

"असेल, काका. तिथंच असेल."

आणि हे मात्र काकांना खरं वाटलं.